डावीकडचा पाऊण इंच

आमची गाडी डावीकडे ओढते, हे घरात पहिल्यांदा माझ्या बायकोने सांगितले. ते मान्य करायला मला एकोणीस दिवस लागले. आकडा अंदाजाने सांगत नाही. त्या दिवसांची वही अजून माझ्यापाशी आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हा तिथे माणसांपेक्षा सेक्टरचे नंबर जास्त होते. इमारती व्हायच्या होत्या, पण रस्ते आधीच येऊन थांबले होते. रुंद, सरळ, मध्ये दुभाजक नाही, कडेला ओळीने खांब आणि त्यातल्या निम्म्या खांबांवर दिवाच नाही. संध्याकाळी त्या रस्त्यांवर दोनच प्रकारची रहदारी असे. एक म्हशींची आणि दुसरी गाडी शिकणाऱ्यांची. म्हशी जास्त शिस्तीत चालत.

मी पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. लेथवरून उतरणारा प्रत्येक शाफ्ट मोजायचा, मापात असला तर सही करायची, नसला तर लाल खडूने फुली मारायची. मला न्यायला-आणायला कंपनीची बस येई. त्यामुळे आमची जुनी, आधी दोघांनी वापरलेली मळकट पांढरी चारचाकी दिवसभर इमारतीखाली उभी असायची. संध्याकाळी बाजारापर्यंत एक फेरी आणि रविवारी जरा लांबची, एवढेच तिचे काम.

राहायला आल्यावर दोन वर्षांनी बायकोला पनवेलच्या बाजूला एका नव्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. अकरा वर्षे घर सांभाळल्यावर मिळालेली नोकरी. शाळा जूनमध्ये सुरू होणार होती आणि तिची घंटा सकाळी सातला होती. आमच्या थांब्यावर त्या दिशेची पहिली बस यायची सात वाजून पाच मिनिटांनी. मी दोन सकाळी थांब्यावर उभे राहून हे तपासले. दुसऱ्या दिवशी ती सात बाराला आली. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्टच सांगितले होते, "वेळेवर यायची सोय करा. नाही जमलं तर मे अखेरीस कळवा, म्हणजे मला दुसरी बाई बघता येईल."

सोय म्हणजे आमची गाडी. गाडी तर दिवसभर उभीच होती. फक्त लायसन्स हवे होते.

शिकवायचे काम मी घेतले. मी वीस वर्षे गाडी चालवत होतो, एकदाही कोणाला धक्का लागलेला नाही. शिकवण्याची माझी पद्धत आकड्यांची होती. क्लच किती इंच सोडला की गाडी हलते, कितव्या खांबाला ब्रेकवर पाय ठेवायचा, सगळे सांगून ठेवले. गाडी उभी करायची पद्धतही ठरलेली होती. आमच्या सोसायटीत सेक्रेटरींनी स्वतः पांढऱ्या चुन्याने गाड्यांच्या जागा आखल्या होत्या. आमच्या जागेच्या डावीकडे जिन्याची भिंत, समोर पंपाच्या खोलीचे दार, उजवीकडे सेक्रेटरींची स्कूटर. माझ्या हिशेबाने पंपाच्या दारापासून नऊ इंच सोडून गाडी थांबली पाहिजे, नाहीतर मागचा भाग चुन्याच्या रेषेबाहेर जाई आणि सेक्रेटरी वर येऊन बेल वाजवत. म्हणून रस्त्याच्या कामातून उरलेला कडेचा एक दगड आणून मी तो डाव्या चाकाच्या बरोबर पुढे बसवला होता. गाडी आत घ्यायची, 'ठक' वाजले की थांबायचे. दर वेळी नऊ इंच. कधी साडेआठ नाही, कधी दहा नाही.

"दर वेळी आपटायचं कशाला?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारले होते.

"आपटत नाही. टेकते."

"टेकल्याचा आवाज ठक येत नाही."

मी तिला समजावून सांगितले, की अंदाज चुकतो, दगड चुकत नाही.

एप्रिलमध्ये तिची चाचणी झाली. आर.टी.ओ.च्या मैदानावर झेंड्यांच्या दोन रांगांमधून गाडी सरळ न्यायची होती. तिने डावीकडच्या तीन झेंड्या आडव्या केल्या. चाचणी घेणारे साहेब म्हणाले, "बाई, स्टिअरिंग धरायचं असतं, नुसता हात ठेवायचा नसतो." पुढची तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, ही गाडी डावीकडे ओढते."

"छे. मी रोज चालवतो."

"मला ओढल्यासारखी वाटते."

"तू डावा हात जड ठेवतेस. सवयीचा प्रश्न आहे."

हे मी ज्या खात्रीने बोललो, त्याच खात्रीने मी कारखान्यात फुली मारायचो. फरक इतकाच, की तिथे आधी मोजायचो.

तिने ते खरे मानले. पुढचे दोन-अडीच आठवडे स्वयंपाकघरात एक वेगळाच प्रकार चालू होता. कुकर लावला की ती पाटावर बसून परात दोन्ही हातांनी धरायची आणि डावा हात हलका ठेवून परात स्थिर ठेवण्याचा सराव करायची. मी तिचा डावा तळवा वर-खाली करून दाखवायचो. सेक्रेटरींच्या बायकोने दारातून एकदा हे पाहिले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या इमारतीला माहीत झाले, की तिसऱ्या मजल्यावर परातीवर गाडी शिकवतात.

रस्त्यावर फरक पडला नाही. उलट ती बिचकू लागली. एका संध्याकाळी गाडीतून उतरून चावी माझ्या हातात देत म्हणाली, "मुख्याध्यापिकाबाईंना कळवून टाकते. माझ्याच हातात काहीतरी कमी आहे. मुलांना वेळेवर या म्हणून सांगायचं आणि बाईच अर्धा-पाऊण तास उशिरा, असं नको."

"अजून तारीख आहे."

"तारीख आहे, पण हात कुठून आणू?"

मी चावी खिशात टाकली. मग तीच म्हणाली, "एक करा. उद्या सकाळी तुम्ही चालवा आणि मधे हात सोडा. गाडी सरळ गेली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

तो एकोणिसावा दिवस.

सकाळी सहाला आम्ही दोघे आणि सेक्रेटरी असे तिघे निघालो. सेक्रेटरी साताऱ्याकडचे, फिरायला निघाले होते. आम्ही काय करणार ते कळल्यावर फिरणे रद्द करून मागच्या सीटवर बसले. रस्ता अगदी रिकामा होता, म्हशीसुद्धा उठल्या नव्हत्या. मी गाडी वीसच्या वेगावर आणली, एका खांबाशी हात उचलले आणि मनात मोजू लागलो. दुसऱ्या खांबापर्यंत आलो तोवर डावे चाक कडेच्या मातीत उतरले होते.

मागून सेक्रेटरी म्हणाले, "आवो साहेब, गाडी न्हाय ओढत. रस्ता ढकलतोय. पाणी जायला दोन्ही अंगाला उतार दिलेला असतोय की."

मला एकदम हायसे वाटले. "बरोबर. उतार."

"मग उजव्या अंगाने चालवा," बायको म्हणाली. "तिकडे उतार उजवीकडे असेल ना? मग गाडी उजवीकडे जायला हवी."

हे मला सुचायला हवे होते. मी गाडी रस्त्याच्या उजव्या अर्ध्यात नेली, हे त्या काळी तिथे चालून जाई, आणि पुन्हा हात सोडले. गाडी उतार चढून डावीकडेच आली.

मग मात्र मी खडू काढला. दोन खांबांमधल्या अंतरात चाक किती सरकते ते डांबरावर खुणा करून टेपने मोजले. डाव्या अर्ध्यात चार फूट डावीकडे, उजव्या अर्ध्यात अडीच फूट, तेही डावीकडेच. दोन्ही वेळा गाडी तीच, फक्त उतार उलटा. म्हणजे एकदा उताराने मदत केली आणि एकदा विरोध केला. दोन्हींची बेरीज साडेसहा, तिचे निम्मे सव्वातीन. सव्वातीन फूट गाडीचे, पाऊण फूट रस्त्याचे.

वहीत मी तीन रकाने पाडले होते. रस्ता, गाडी, चालक. पहिल्या दोनांत आकडे भरले. तिसरा रिकामा ठेवला.

बायकोने वाकून पाहिले. "इथे काय लिहिणार?"

"ते अजून ठरलेलं नाही. हे हात सोडून काढलेले आकडे आहेत. हात धरल्यावर चालकामुळे काय होतं, ते वेगळं तपासावं लागेल."

ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. सेक्रेटरी मात्र हळूच म्हणाले, "साहेब, मागची सीट लई आरामशीर हाय. तुमी फुडं बसून भांडा."

पुढचे दोन रविवार मी गाडीच्या खाली आणि आजूबाजूला घालवले. ओढण्याची कारणे चार-पाचच असतात आणि ती एकेक करून खोडायची असतात. आधी हवा. चारही चाकांत माझ्या गेजने मोजली, पुढच्या दोन्हींत सारखी. मग टायर. कधीकधी टायरच घडणीने तिरका असतो, म्हणून पुढचे डावे-उजवे टायर अदलाबदल केले. दोष टायरचा असता तर गाडी उजवीकडे ओढू लागली असती. ती डावीकडेच गेली. मग ब्रेक. डावा ब्रेक थोडा चिकटून राहत असेल तर ते चाक मागे खेचते आणि गरम होते. आता जिथे सीवूड्स म्हणतात त्या बाजूला फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या मध्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली. सगळी सारखीच कोमट. जॅक लावून चाक हाताने फिरवले, मोकळे फिरले.

शेवटी मापे. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधले अंतर ब्याण्णव इंच दिले होते. उजव्या बाजूला टेप लावला. बरोब्बर ब्याण्णव. डाव्या बाजूला गाडी जिन्याच्या भिंतीला इतकी जवळ होती, की टेप धरायला वाकता येईना. बाहेर काढून मोजली असती, पण तेवढ्यात पाणी गेले, पंप बंद पडला म्हणून सेक्रेटरी खाली आले, आणि ते राहून गेले. वही मात्र मी पूर्ण केली.

निष्कर्ष असा, की गाडीत काहीही दोष नाही आणि ती सव्वातीन फूट डावीकडे जाते.

चाचणीला नऊ दिवस उरले होते. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, वही ठेवा आणि गाडी पावण्याला काकांकडं न्या." काका म्हणजे खाडीकाठच्या गावातले एक म्हातारे मिस्त्री. तरुणपणी मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करत. खाडीत मासळी कमी झाली आणि आजूबाजूला कारखाने आले, तसे ते बोटीवरून टेंपोवर आणि टेंपोवरून मोटारींवर आले. दोन कारखान्यांच्या भिंतींमधल्या बोळावर पत्रा टाकून त्यांनी आपले काम मांडले होते. ते सगळ्यांना एकेरीत बोलत. कारखान्याच्या मालकालाही, आणि कोणाला राग येत नसे. गाडीला ते गारी म्हणत.

रविवारी सकाळी मी बायकोला घेऊन गेलो. त्यांना वही दाखवली. त्यांनी ती घेतली नाही, हात तेलकट होते. मीच वाचून दाखवली. सव्वातीन फुटांपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, "बस कर. चाय थंड होतेय तुजी."

चहा झाल्यावर मी चावी पुढे केली. ते म्हणाले, "तू नको. बाय चालवंल."

"ती शिकतेय अजून."

"म्हनूनच. तुजा हात सवयीचा झालाय. येताना मी बगितला, गेटातून आत येस्तवर तुजा उजवा मनगट खाली दाबलेला व्हता. तू रोज गारीशी भांडतोस आनि तुला ठावकी नाय."

मी माझ्या मनगटाकडे पाहिले. ते अजूनही थोडे दुमडलेले होते.

बायकोने कारखान्यांच्या मधल्या रस्त्यावर एक फेरी मारली. काका तिच्या शेजारी, मी मागे. ते बाहेर बघत नव्हते, तिच्या हातांकडे बघत होते. परत आल्यावर म्हणाले, "बाय, काय वाटला?"

"डावीकडे ओढते," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता, की मला मागे जेमतेम ऐकू आला.

"ओढते. बरोबर हाय. तुजा हात चांगला हाय, गारी वाकरी हाय."

महिनाभरात हे तिला सांगणारा हा पहिला माणूस. ती गाडीतून उतरली आणि पदराने चेहरा पुसल्यासारखे केले. उकाडाही होताच.

काकांनी खुंटीवरून जाळे विणायची निळी नायलॉनची दोरी काढली. टेप वगैरे काही नाही. एक टोक उजव्या मागच्या चाकाच्या मध्यावर मला धरायला लावले, दुसरे स्वतः पुढच्या चाकाच्या मध्यावर ताणून धरले आणि तिथे गाठ मारली. मग म्हणाले, "चल हिकरं." डाव्या बाजूला तीच दोरी तशीच ताणली.

गाठ चाकाच्या मध्यावर आली नाही. पुढे गेली.

"ही दोरी ताणली जाते," मी म्हणालो. "नायलॉन आहे."

"उजवीकडं नव्हती ताणत?"

मी खिशातला टेप काढला. डावीकडे सव्वाएक्याण्णव इंच. पुन्हा मोजले. सव्वाएक्याण्णव.

"हे कसं शक्य आहे? मी मोजून लिहिलंय."

"ही बाजू मोजली व्हतीस?" काकांनी विचारले.

मी उत्तर द्यायच्या आत बायकोने माझ्या काखेतली वही काढून घेतली. पान उघडले. उजवी बाजू, ब्याण्णव. डावी बाजू. तिने बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, "तेच."

तेवढाच शब्द लिहिलेला होता, खाली माझी आडवी रेघ. कारखान्यात कोणी एका टोकाचे माप घेऊन दुसऱ्या टोकापुढे 'तेच' लिहिले असते तर मी त्याला परत पाठवला असता. नव्हे, दोघांना पाठवलेही होते.

काका पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. खालून त्यांचा आवाज आला, "हा बग. चाकाला मांगं जाऊ देत नाय तो रॉड. वाकलाय. रबर पन चेपून भाकरी झालाय." थोड्या वेळाने बाहेर आले. "चाक पाऊन इंच मांगं गेलाय. एका बाजूचा चाक मांगं गेला की गारी त्याच बाजूला वलती. कुठं आपटली व्हती?"

"कुठेच नाही," मी म्हणालो. "वीस वर्षांत एकदाही नाही."

"रोज आपटते," बायको म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिले.

"पार्किंगला दगड बसवलाय यांनी. डाव्या चाकापुढे. ठक वाजलं की थांबायचं."

"किती वेला?"

तिने माझ्याकडे पाहिले. अशा वेळी आकडा माझ्याकडेच असतो. दगड बसवून सतरा महिने झाले होते, म्हणजे चौऱ्याहत्तर आठवडे, आठवड्याला सरासरी पाच वेळा. "तीनशे सत्तर," मी म्हणालो. "सुमारे."

काका हसले नाहीत, त्याचेच मला वाईट वाटले. ते शांतपणे म्हणाले, "आमी होडी धक्क्याला लावतो ना, तवा मधी जुना टायर बांधतो. होडीला मार लागू नये म्हनून. तू टायरनंच धक्का मारतोस." मग बायकोकडे वळून, "बाय, ह्याला कदी होडी देऊ नको."

आता मात्र ती हसली. महिन्याभराने.

भंगारातल्या तशाच गाडीचा सरळ रॉड काकांकडे निघाला. रबर नवे घातले. बसवून झाल्यावर त्यांनी दोरी पुन्हा दोन्ही बाजूंना लावली. गाठ दोन्हीकडे चाकाच्या मध्यावर बसली. माझ्या समाधानासाठी मला टेप लावू दिला. ब्याण्णव आणि ब्याण्णव. मग त्याच दोरीने पुढची दोन्ही चाके समोर सरळ बघतात की नाही तेही पाहिले. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर मी हात सोडले, तेव्हा दोन खांबांच्या अंतरात गाडी नऊ इंच डावीकडे गेली, उजव्या अर्ध्यातून नऊ इंच उजवीकडे. म्हणजे सगळे उताराचे, गाडीचे काही नाही. रस्त्याच्या रकान्यात आधीच माझे पाऊण फूट होते, ते तंतोतंत जुळले. त्या दिवशी तेवढे एकच माझे बरोबर आले.

एक अडचण राहिली होती. गाडी सरळ झाली, पण आम्ही दोघे वाकडेच होतो. ती महिनाभर स्टिअरिंग उजवीकडे दाबायला शिकली होती आणि आता गाडी झोकात उजवीकडे जाऊ लागली. पहिल्या संध्याकाळी एक म्हैस वाचली. चाचणीला आठ दिवस होते. तिने ते दोन दिवसांत सोडले. परात काढलीच नाही. "गाडीला विचारायचं कुठे जायचंय, आणि तेवढाच हात द्यायचा," म्हणाली. मला मात्र वीस वर्षांची सवय नसून सतरा महिन्यांचीच होती, तरी जाईना. चौथ्या दिवशी गाडी आत घेताना माझ्या उजव्या मनगटाने सेक्रेटरींची स्कूटर स्टँडवरून उतरवली.

सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून म्हणाले, "साहेब, आता वैनींना चालवू द्या. तुमी परात घ्या."

दगड तिने त्याच आठवड्यात काढला. म्हणजे तिने सांगितले आणि मी उचलला. आता तो गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे.

"मग थांबायचं कसं?" मी विचारले.

"बघून."

मी तीन दिवस मोजले. आठ, साडेदहा, नऊ. चुन्याची रेषा एकदाही ओलांडली नाही. चौथ्या दिवसापासून मी मोजले नाही.

चाचणीच्या सकाळी मी मैदानाच्या कठड्याबाहेर उभा होतो. साहेब तेच होते. तिला ओळखून म्हणाले, "बाई, आज झेंड्या किती पाडणार?"

"मागच्या वेळी गाडी ओढत होती, साहेब."

"सगळे असंच सांगतात."

"सगळ्यांकडे वही नसते," ती म्हणाली आणि पर्समधून माझी वही काढून त्यांच्या हातात दिली. ती तिने कधी घेतली होती मला माहीत नाही. साहेबांनी पान उलटले, पुन्हा उलटले. "सव्वातीन फूट गाडीचे," त्यांनी वाचले. "हे कोणी काढलं?" तिने कठड्याकडे बोट दाखवले. साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले, जसे आपण अशा नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईचा विचार करताना पाहतो. मग वही परत देऊन गाडीत बसले.

गाडी दोन रांगांमधून निघाली. मी झेंड्या मोजत होतो. डावीकडे बारा उभ्या, उजवीकडे बारा उभ्या. टोकाला जाऊन ती थांबली, तशीच मागे आली. चोवीसच्या चोवीस. माझे उजवे मनगट तेवढा वेळ खिशात दुमडलेले होते, ते मी बाहेर काढून सरळ केले.

घरी ती चालवत आली. मी डावीकडे बसलो होतो, हात मांडीवर ठेवून. वाटेत तिने मुख्याध्यापिकाबाईंना काय सांगायचे ते दोनदा घोळून पाहिले, मग म्हणाली, "नुसतं सांगते, सातला येते."

संध्याकाळी तिने वही माझ्यापुढे टेबलावर ठेवली. खूण घातलेल्या पानावर उघडी. 'तेच' तिने पेन्सिलीने खोडून शेजारी 'सव्वाएक्याण्णव' लिहिले होते, तिच्या गोल अक्षरात. वर तीन रकाने. रस्ता, पाऊण. गाडी, सव्वातीन. चालक, रिकामा.

मी पेन घेतले आणि शून्य लिहिले.

ती मागे उभी राहून बघत होती. "सही करा खाली," म्हणाली. "तारीख पण घाला."